नवा क्लच बसवला, पण काम तेथेच संपत नाही

पुण्यात नाना पेठेतील स्पेअर पार्टच्या दुकानांपासून निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरातील गॅरेजांपर्यंत आपले अनेक बांधव मोटारधंद्यात आहेत. कोणी उस्ताद म्हणून नावाजलेला आहे, कोणी पार्ट विकतो, कोणी बँकेचे कर्ज काढून एखादा ट्रक रस्त्यावर घातला आहे. या तिघांचा एकमेकांशी रोजचा संबंध असतो आणि तिघांत वाद लागण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे क्लच. म्हणून आज अवजड ट्रकला नवा क्लच बसविल्यानंतर तो कसा बांधावा, म्हणजे त्याचे माप कसे लावावे, याविषयी लिहीत आहोत.

काही वर्षांपूर्वी अशाच एका वादात पंच म्हणून बसण्याची वेळ आमच्यावर आली होती. ट्रकमालकाची एकुलती एक गाडी. नवी क्लच प्लेट, नवी प्रेशर प्लेट, नवे बेअरिंग असा पूर्ण संच बसवून तीन आठवडे झाले होते. गाडी भरून साताऱ्याकडे निघाली आणि खंबाटकीच्या चढावर क्लच जळाला. रात्रभर गाडी रस्त्याच्या कडेला. माल दुसऱ्या गाडीत भरावा लागला, ओढून आणण्याचा खर्च वेगळा आणि बँकेचा हप्ता तर थांबत नाही. मालक म्हणाला, मिस्त्रीने काम वाईट केले. मिस्त्री म्हणाला, पार्ट नकली होता. दुकानदार म्हणाला, ड्रायव्हरने पाय ठेवून क्लच जाळला. असरच्या नमाजनंतर सर्व जण गॅरेजमध्ये जमलो आणि सर्वांच्या समोर गिअरबॉक्स उतरविला.

पार्ट अस्सल निघाला. ऑइल सील कोरडे होते. प्लेट नीट दिशेने बसविलेली होती. मिस्त्रीने कसम घेऊन सांगितले की प्ले बरोबर ठेवला होता, आणि त्याचे म्हणणे खरे होते. तरीही गिअरबॉक्स उतरविण्यापूर्वी फोर्क हलवून पाहिला तेव्हा प्ले मुळीच शिल्लक नव्हता. कोणीही फसविले नव्हते. मग क्लच जळाला कसा? या प्रश्नाचे उत्तर अर्ध्या मिलिमीटरच्या हिशोबात आहे.

क्लचचे काम

इंजिनाच्या मागे फ्लायव्हील असते. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट दाबली जाते आणि इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे जाते. दाबण्याचे काम स्प्रिंग करते. जुन्या पद्धतीच्या प्रेशर प्लेटमध्ये गोल स्प्रिंगा आणि तीन-चार लिव्हर असतात. नव्या पद्धतीत डायफ्रॅम स्प्रिंग असते आणि तिची फिंगर मध्यभागी आलेली असतात. पाय पेडलवर पडला की फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, बेअरिंग फिंगरवर दाब देते, प्रेशर प्लेट मागे सरकते आणि प्लेट मोकळी होते.

पाय पेडलवर नसताना बेअरिंगने फिंगरला स्पर्शही करू नये, म्हणून दोघांमध्ये थोडी फट ठेवतात. या फटीलाच आपण प्ले म्हणतो. प्ले नसेल तर बेअरिंग सतत थोडा दाब देत राहते. स्प्रिंगची पकड तेवढी कमी होते. मोकळ्या गाडीत ते कळतही नाही, पण भरलेली गाडी चढावर आली की प्लेट घसरू लागते. घसरली की तापते आणि तापली की आणखी घसरते. मग वास येतो, धूर येतो आणि काही मिनिटांत प्लेट जळते.

याउलट प्ले फार जास्त असेल तर पेडलचा बराच भाग फुकट जातो. पाय तळापर्यंत गेला तरी प्लेट पूर्ण सुटत नाही. गिअर खडखडतात, पहिला किंवा रिव्हर्स लागत नाही, आणि ड्रायव्हर जोराने गिअर टाकून गिअरबॉक्सचे दाते खराब करतो. म्हणजे प्ले कमी झाला तर क्लच जातो आणि जास्त झाला तर गिअरबॉक्स जातो.

अर्ध्या मिलिमीटरचा हिशोब

प्लेट झिजते तशी पातळ होते आणि प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते. परंतु आपल्याकडील नेहमीच्या ढकलणाऱ्या क्लचमध्ये फिंगर तरफेप्रमाणे एका टेकूवर डोलतात. बाहेरचे टोक इंजिनाकडे गेले की आतले टोक उलट दिशेला, म्हणजे बेअरिंगकडे येते. शिवाय ते तेवढेच येत नाही, तर साधारण तिप्पट-चौपट येते.

आता हिशोब करू. बेअरिंग आणि फिंगर यांच्यामध्ये २ मिलिमीटर फट आहे असे धरू. फिंगरचे प्रमाण चारास एक धरले, तर प्लेट केवळ अर्धा मिलिमीटर झिजताच आतले टोक २ मिलिमीटर पुढे येते आणि सगळा प्ले संपतो. अर्धा मिलिमीटर म्हणजे साध्या पोस्टकार्डाच्या दोन-तीन जाडी. प्लेट अजून नवीच दिसते, पण क्लच जळण्याच्या वाटेला लागलेला असतो.

नव्या प्लेटची झीज सुरुवातीला लवकर होते, हेही ध्यानात घ्यावे. लायनिंगचा पृष्ठभाग आणि फ्लायव्हीलचा पृष्ठभाग एकमेकांशी पूर्ण जुळलेले नसतात. उंच भाग आधी घासले जातात. म्हणून नव्या क्लचचा प्ले पहिल्या काही आठवड्यांतच सर्वांत वेगाने कमी होतो. आमच्या त्या ट्रकमध्ये हेच घडले होते. मिस्त्रीने पहिल्या दिवशी लावलेले माप बरोबर होते, पण ते तीन आठवड्यांत उरले नाही आणि मधल्या काळात कोणी पाहिले नाही.

अनेकांचा येथे एक गैरसमज होतो. ब्रेक झिजला की पेडल खाली जाते, म्हणून क्लच झिजला तरी पेडल खाली जाईल, असे त्यांना वाटते. प्ले ठेवाव्या लागणाऱ्या क्लचचे उलटे आहे. तो झिजतो तसा पेडलचा मोकळा भाग कमी होतो आणि पाय ठेवताच पेडल कडक लागते. ड्रायव्हरला उलट क्लच "टाइट आणि चांगला" झाला असे वाटते.

बसविण्यापूर्वी पाहण्याच्या गोष्टी

माप लावणे हे शेवटचे काम आहे. आधीचे काम कच्चे असेल तर कोणतेही माप टिकणार नाही.

फ्लायव्हीलवर निळे डाग, तडे किंवा खाचा असतील तर ते मशीनवर घासून घ्यावे. इंजिनाच्या मागचे आणि गिअरबॉक्सच्या पुढचे ऑइल सील तपासावे. प्लेटला तेल लागले तर ती धुऊन पुन्हा वापरता येत नाही. पायलट बेअरिंग हाताने फिरवून पाहावे. ते जाम असेल तर क्लच दाबला तरी शाफ्ट फिरत राहतो आणि दोष विनाकारण क्लचवर येतो. फोर्कचे बुश आणि रिलीज बेअरिंग नवेच घालावे. दोन-चारशे रुपये वाचविण्यासाठी जुने ठेवले तर पुन्हा गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

क्लचमधील धूळ हवेच्या नळीने उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस वापरीत असत आणि ती धूळ फुप्फुसात कायमची बसते. ओल्या फडक्याने पुसावी. गॅरेजमधील लहान शागीर्दांना तर या कामापासून दूर ठेवावे.

बसविताना

प्लेटच्या दोन बाजू सारख्या नसतात. कोणती बाजू फ्लायव्हीलकडे, हे बहुधा प्लेटवर छापलेले असते. ते वाचूनच बसवावी. स्प्लाइनवर प्लेट हाताने सहज सरकली पाहिजे. ग्रीस लावायचे ते अगदी पुसट. जास्त लावले तर फिरताना ते उडून लायनिंगवर जाते. डमी शाफ्ट घालून प्लेट मध्यावर आणावी आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, फेऱ्याफेऱ्यांनी आवळावेत. एक बाजू पूर्ण आवळली की कव्हर वाकते. आवळून झाल्यावर सर्व फिंगरची किंवा लिव्हरची उंची सारखी आहे काय, ते पट्टी धरून पाहावे. लिव्हरच्या क्लचमध्ये नटाने उंची सारखी करता येते.

सर्वांत मोठी चूक गिअरबॉक्स चढविताना होते. अवजड ट्रकचा गिअरबॉक्स जॅकवर धरलेला असताना शाफ्ट प्लेटमध्ये गेला, पण बोल्ट जुळले नाहीत आणि मध्येच जॅक ढिला झाला, तर गिअरबॉक्सचे सर्व वजन प्लेटच्या मध्यावर लटकते. एक मिनिट लटकले तरी नवी प्लेट वाकते. वाकलेली प्लेट सुटत नाही, गाडी उचलताना थरथरते आणि माप कितीही लावले तरी गिअर खडखडतात. म्हणून हाऊसिंगचे बोल्ट लागेपर्यंत जॅक हलवू नये.

माप कसे लावावे

गाडी सपाट जागेवर, चाकांखाली ठोकळे, इंजिन बंद. यानंतरच गाडीखाली जावे.

ज्या गाड्यांत तेलाचा मास्टर सिलिंडर आणि खाली स्लेव्ह सिलिंडर किंवा हवेचा सर्वो आहे, तेथे आधी हवा काढावी. तेलात हवा राहिली तर पेडल स्पंजासारखे लागते आणि माप खोटे येते. तेल ब्रेक फ्लुइडच घालावे. इंजिन ऑइल घातले तर रबरे फुगून दोन्ही सिलिंडर निकामी होतात. सर्वोच्या गाडीत टाकीतील पाणी काढून, पूर्ण हवा भरल्यावरच पेडलची परीक्षा घ्यावी.

त्यानंतर मापाच्या दोन जागा आहेत. पहिली वर, पेडलच्या दांडीपाशी. दांडी आणि मास्टर सिलिंडरचा पिस्टन यांच्यामध्ये किंचित फट हवी. ती नसेल तर पाय काढल्यावरही तेल पूर्ण परत येत नाही आणि क्लच दाबलेलाच राहतो. खाली माप बरोबर असूनही क्लच जळतो तेव्हा दोष अनेकदा येथे असतो.

दुसरी जागा खाली, फोर्कच्या टोकाशी. परतीची स्प्रिंग काढून फोर्क हाताने पुढे-मागे हलवावा आणि किती मोकळा हलतो ते पट्टीने मोजावे. "अंदाजाने ठीक आहे" असे म्हणू नये. दांडीवरील नट फिरवून माप आणावे, चेक नट आवळावा आणि आवळल्यावर पुन्हा मोजावे, कारण आवळताना माप थोडे सरकते.

मापे एकमेकांशी कशी जोडलेली आहेत ते उदाहरणाने पाहू. फोर्कचे प्रमाण दोनास एक आणि पेडलचे सहास एक धरले व वरचा-खालचा सिलिंडर सारखा मानला, तर बेअरिंगपाशी २ मिलिमीटर म्हणजे फोर्कच्या टोकाशी ४ मिलिमीटर आणि पेडलपाशी सुमारे २४ मिलिमीटर होतात. पेडलची पूर्ण चाल १५० मिलिमीटर असेल तर बेअरिंगला साडेबारा मिलिमीटर चाल मिळते. त्यातले २ प्लेमध्ये गेले, साडेदहा उरले. तेच प्ले ५ मिलिमीटर ठेवला तर साडेसातच उरतात आणि क्लच पूर्ण सुटणार नाही. हे आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. प्रत्येक मॉडेलचे माप वेगळे असते आणि गाडीच्या पुस्तकात दिलेले माप हेच अखेरचे समजावे.

एक सावधगिरी नव्या गाड्यांविषयी. अलीकडच्या अनेक ट्रकांत बेअरिंग फिंगरला सतत टेकलेलेच असते आणि स्लेव्ह किंवा सर्वो झिजेप्रमाणे आपोआप जुळवून घेतो. काहींत क्लच ढकलण्याऐवजी ओढण्याच्या पद्धतीचा असतो. तेथे जुन्या सवयीने फोर्कपाशी प्ले काढण्याचा प्रयत्न करू नये. वीस वर्षांचा उस्ताद असला तरी नवे मॉडेल हाती आले की आधी पुस्तक पाहावे. त्यात कमीपणा नाही.

दोन परीक्षा

गाडी मालकाच्या हवाली करण्यापूर्वी दोन परीक्षा घ्याव्यात आणि शक्य तर मालकाच्या किंवा ड्रायव्हरच्या समोर घ्याव्यात.

पहिली, क्लच सुटतो काय. इंजिन मंद चालू ठेवून पेडल पूर्ण दाबावे, आठ-दहा सेकंद थांबावे आणि रिव्हर्स टाकावा. आवाज न होता लागला तर क्लच सुटतो आहे. खडखडला तर प्ले जास्त आहे, तेलात हवा आहे, पायलट बेअरिंग जाम आहे किंवा प्लेट वाकली आहे. याच क्रमाने शोधावे, कारण शेवटच्या दोन कारणांसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

दुसरी, क्लच पकडतो काय. हँडब्रेक लावून, चाकांखाली ठोकळे ठेवून, समोर कोणी उभे नाही हे पाहून वरचा गिअर टाकावा आणि पेडल हळूहळू सोडावे. इंजिन लगेच बंद पडले पाहिजे. चालत राहिले तर क्लच घसरतो आहे. ही परीक्षा एकदाच घ्यावी. पुन्हा पुन्हा घेतली तर नवी प्लेट गॅरेजमध्येच भाजून निघेल.

पहिले हजार किलोमीटर

पाचशे ते हजार किलोमीटर झाल्यावर गाडी पुन्हा गॅरेजवर आलीच पाहिजे. पट्टी घेऊन प्ले मोजणे आणि नट फिरविणे हे पंधरा-वीस मिनिटांचे काम आहे. खंबाटकीवर जे नुकसान झाले ते या वीस मिनिटांसाठी झाले. त्यानंतर झीज मंदावते आणि नेहमीच्या सर्व्हिसच्या वेळी तपासणी पुरेशी होते.

या काळात जमेल तितके चढावर भरलेली गाडी उभी करून पुन्हा उचलणे टाळावे. पुण्याच्या गाड्यांना हे कठीण आहे, हे आम्ही जाणतो. मुंबईला जायचे तर खंडाळा, साताऱ्याला खंबाटकी, सासवडला दिवे घाट. कोणत्याही दिशेला गेले तरी घाट आहेच. तरीही पहिल्या काही फेऱ्या सपाट रस्त्याच्या, सोलापूर बाजूच्या, मिळाल्या तर बऱ्या.

ड्रायव्हरच्या पायाविषयीही दोन शब्द. पेडलवर पाय ठेवून गाडी चालविली तर बांधलेला प्ले असून नसल्यासारखा होतो. चढावर ब्रेकऐवजी अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवली तर हीच गत. आणि उतारावर इंजिन गाडीला रोखते ते क्लचमधूनच. पेडल दाबून किंवा न्यूट्रल करून उतरणे म्हणजे तो आधार तोडणे होय. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून उतरणाऱ्या रस्त्यावर नवले पुलापाशी २० नोव्हेंबर २०२२ रोजी एका ट्रकने अनेक वाहनांचे नुकसान केले. उतारावर इंजिन बंद ठेवल्याने ताबा सुटल्याचे तपासात पुढे आले होते. वाचविलेल्या डिझेलची किंमत किती आणि त्या अपघाताची किती, याचा विचार प्रत्येकाने करावा.

धंद्याची गोष्ट

आता त्या वादाचा शेवट सांगतो. मिस्त्रीने ड्रायव्हरला "थोडे दिवसांनी दाखवायला आण" असे तोंडी सांगितले होते. ड्रायव्हरने मालकाला सांगितले नाही. मालकाने विचारले नाही. फेरी मिळाली, गाडी भरली, निघाली. जळालेल्या लायनिंगचा दावा कंपन्या सहसा मान्य करीत नाहीत, तेव्हा दुकानदारालाही वरून काही मिळणार नव्हते. काही जणांनी ड्रायव्हरच्या पगारातून कापून घ्यावे असे सुचविले. आम्ही ते मानले नाही, कारण चौघांच्या चुकीचा बोजा सर्वांत गरिबाच्या खांद्यावर टाकणे इन्साफ नव्हे. अखेर दुकानदाराने नफा सोडून नवी प्लेट दिली, मिस्त्रीने मजुरी घेतली नाही आणि बाकीचा खर्च मालकाने सोसला. तिघे आजही एकमेकांकडेच काम करतात.

त्या दिवशी एक गोष्ट ठरली, ती सर्व गॅरेजवाल्या बांधवांनी उचलण्यासारखी आहे. बिलासोबत एक लहान चिठ्ठी द्यायची. तिच्यावर गाडीचा नंबर, क्लच बसविला ती तारीख, त्या दिवशीचे किलोमीटर, फोर्कपाशी ठेवलेला प्ले आणि पुन्हा तपासणीचे किलोमीटर लिहायचे. एक प्रत मालकाकडे, एक गॅरेजमध्ये. एक कागद ड्रायव्हरच्या समोर केबिनमध्ये चिकटवायचा. पहिली तपासणी मोफत ठेवायची. ग्राहक परत येतो आणि तंटा उभा राहिला तर कागद बोलतो.

पार्ट पक्क्या बिलानेच घ्यावेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवरील जीएसटी १८ टक्के झाला आहे. पूर्वी बहुतेक भागांवर तो २८ टक्के होता. कर वाचविण्यासाठी विनाबिलाचा माल घेण्याची सबब आता आणखी कमी उरली आहे.

गॅरेजमध्ये वाढणाऱ्या मुलांनाही हा हिशोब पट्टी हातात देऊन शिकवावा. जमल्यास औंधच्या आयटीआयसारख्या संस्थेत डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम करू द्यावा. उस्तादाचा हात आणि पुस्तकाचे माप दोन्ही एका कारागिराकडे असले तर त्याला कामाची कमतरता पडणार नाही.

दुरुस्तीला आलेली गाडी ही आपल्याकडे ठेवलेली अमानत असते. ती गॅरेजच्या दारातून बाहेर पडली म्हणजे अमानत संपली असे नाही. पहिली तपासणी होईपर्यंत ती आपल्यावरच आहे. अल्लाह आपल्या सर्वांच्या हलाल रोजीत बरकत देवो. आमीन.